टिकलीचे कागद, मिठूचा गुन्हा

शेंदुरजना घाटाच्या अंगाला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मध्य प्रदेशची हद्द तिथून इतकी जवळ, की सकाळी चिंचेवरून उठलेला राघूंचा थवा पलीकडच्या मक्यावर जाऊन उतरतो आणि दिवेलागणीला ओरडत परत येतो. "रोज दोन राज्यं करतेत लेकाचे," आमचे आबा म्हणतात, "नाक्यावर कोनी पावती मागत नाई." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. यंदा दिवाळीत मात्र त्यावर आक्षेप आला, आणि तो घेतला घरातल्याच माणसानं, माझ्या पुतणीनं.

पुतणी पुण्याला असते. नवऱ्याची बदली न्यू जर्सीला झालेली. निघण्याआधी आठ दिवस आमच्या घरी वरूडला राहून जावं म्हणून दोघं गाडी घेऊन आली, तर मागच्या सीटवर एक लहानसा पिंजरा, त्यावर पातळ चादर. आत टिकली. करडं अंग, पिवळं डोकं, तुरा, आणि दोन्ही गालांवर संत्र्याच्या रंगाचे गोल ठिपके. नाव त्यावरूनच पडलेलं. आबांनी विचारलं, हे काय पाखरू? नातजावई म्हणाला, "कॉकटेल." पक्षीबाजारात कॉकॅटीलला असंच म्हणतात. आबा माळकरी. त्यांनी आधी पिंजऱ्याकडं पाहिलं, मग बराच वेळ नातजावयाकडं.

ओसरीवर आबांचा मिठू अकरा वर्षांपासून टांगलेला आहे. शेजारची खुंटी रिकामी होती. जावई तिथं टिकलीचा पिंजरा अडकवायला गेला आणि पुतणी ओरडली, "तिथं नको! दोघांना जवळ आणू नका. तिची तपासणी व्हायचीय."

"कायची तपासणी?" आबा म्हणाले.

"आबा, ती आमच्याबरोबर अमेरिकेला येतेय."

इथून जो वाद सुरू झाला तो तीन संध्याकाळी चालला. मी मध्ये बसून होतो.

"पाखराले कायचा पासपोर्ट? अमेरिकेचं सरकार मानसं मोजता मोजता थकलं काय, आता पाखरं मोजून रायलं?"

"मोजत नाहीत आबा. दोन गोष्टी विचारतात. हा पक्षी जंगलातून उचललेला नाही ना, आणि त्याच्या अंगात रोग नाही ना. पहिल्याचं उत्तर वन्यजीववाले देतात, दुसऱ्याचं जनावरांचे डॉक्टर. खाती वेगळी, कागद वेगळे."

"अन् तिसरं खातं विमानवाल्याचं."

"हो, तेही आहे. खोका केवढा हवा, हवेची भोकं कुठं, बसायला दांडी कशी, त्याचेही नियम आहेत."

पहिल्या प्रश्नाची हकिगत तिनं दोन वाक्यांत उरकली. मला ती जरा सावकाश सांगायला हवी. ३ मार्च १९७३ला वॉशिंग्टनमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार ठरला, सायटीस नावाचा. रानातले प्राणी, पक्षी, झाडं सीमेपार विकली जातात, त्यावर लगाम घालणारा. १९७५मध्ये तो लागू झाला आणि १९७६मध्ये भारत त्यात आला. त्यात याद्या आहेत. पहिल्या परिशिष्टातल्या जिवाला दोन्ही देशांची परवानगी लागते, निघतानाची आणि पोचतानाची. दुसऱ्यातल्याला निघणाऱ्या देशाची. पोपटांच्या कुळातले साडेतीनशेहून जास्त प्रकार जवळजवळ सगळेच्या सगळे या दोन याद्यांत बसवलेले आहेत. सुटले ते फक्त चार. एक बजरीगर, आपल्याकडं लव्हबर्ड म्हणून विकतात तो. दुसरा खरा लव्हबर्ड, गुलाबी तोंडाचा. तिसरी कॉकॅटील, म्हणजे टिकली. आणि चौथा?

"चौथा आपला राघू," पुतणी म्हणाली.

आबा उठून बसले. "म्हंजे माहा मिठू बी मोकळा! मंग एवढं पुरान कायले सांगतं? दोघाईले घेऊन जा."

"मोकळा जगात आहे, आबा. इथं नाही. इथं तो या पिंजऱ्यात आहे हाच गुन्हा आहे."

ओसरीवर क्षणभर कोणी बोललं नाही. मिठू तेवढा आपली हिरवी मिरची फोडत होता.

ती म्हणाली ते खरं आहे, आणि वरूडच काय, अख्ख्या वऱ्हाडात ते दहातल्या नऊ घरांना माहीत नसतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पक्षी पकडायचे नाहीत, बाळगायचे नाहीत. १९९०-९१पासून देशी पक्ष्यांचा धंदाच सरसकट बंद. २०२२मध्ये कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३पासून नव्या अनुसूची लागू झाल्या, राघू दुसऱ्या अनुसूचीत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉकॅटील मूळची ऑस्ट्रेलियाची, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली. ती परदेशी म्हणून आपला कायदा तिच्या वाटेला जात नाही. राघू आपल्या मातीतला, म्हणून तो आपला नाही. तो रानाचा.

"हे उलटं हाये बाप्पा," आबा म्हणाले. "बाहेरचं घरात चालते, घरचं नाई चालत."

"उलटं वाटतं खरं. पण परदेशी पक्षी घरात ठेवला म्हणून आपलं रान रिकामं होत नाही. राघूची पिल्लं दरवर्षी ढोलीतून काढतात, पोत्यात भरतात, रेल्वेनं नेतात, निम्मी वाटेतच मरतात. तुम्ही एक घेतलात. घेणारे लाख आहेत."

"म्या घेतला नाई. वादळात महारुखाचं खांड पडलं, ढोलीत तीन होते, दोन मेलेले. हा एक चिवचिव करून रायला होता. म्या काय करावं मंग? कायदा वाचावा?"

यावर पुतणी गप्प बसली. मला वाटलं, आता विषय संपला. पण तिचं इंजिनीअरचं डोकं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिनं उत्तर दिलं. "वाचवलात ते बरोबर. अकरा वर्षं ठेवलात ते नाही. तेव्हाच वनखात्याला कळवायचं होतं."

गंमत अशी की हाच राघू, 'इंडियन रिंगनेक' या नावानं, अमेरिकेत दुकानात मिळतो. निळा, पिवळा, पांढरा, हव्या त्या रंगात. तिथं पैदास केलेला, पावतीसकट. लंडनमध्ये तर तो पिंजऱ्यातून सुटून बागांमध्ये रुळला. हजारोंच्या संख्येनं थंडीत थवे करून हिंडतो, आणि तिथल्या मराठी घरांतली मुलं त्याला पहिल्यांदा खिडकीतून पाहतात. वरूडच्या घरात गुन्हा, अमेरिकेतल्या घरात पाळीव, लंडनच्या झाडावर उपरा. पक्षी तोच. मला ही गोष्ट पहिल्यांदा हास्यास्पद वाटली होती. आता तशी वाटत नाही: सीमा पक्ष्याची जात विचारते, पण त्याहून आधी तो कुठून आला ते विचारते.

संध्याकाळी आबांनी नवी बाजू काढली. गावातल्या कुणाशी तरी बोलून आले होते.

"अरबाचे ससाने विमानात खुर्चीवर बसून जातेत म्हनते. त्याहिले कोन अडवते?"

"त्यांना पासपोर्ट असतो आबा. खरंच असतो. अमिरातीत २००२पासून ससाण्याला पासपोर्ट देतात, पायातल्या कडीचा नंबर त्यात लिहिलेला, तीन वर्षांनी नवा काढायचा. तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत."

"मंग मुंबईच्या कबुतराचं सांग."

ते आबांनी पेपरात वाचलेलं. मे २०२३मध्ये मुंबईत बंदराजवळ एक कबुतर सापडलं. पायात कडी, चिनी वाटावीत अशी अक्षरं. पोलिसांना हेर असल्याचा संशय आला. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटीट जनावरांच्या रुग्णालयात त्याला ठेवलं, आणि ते तिथं आठ महिने अडकलं. शेवटी निष्पन्न काय झालं, तर ते तैवानचं शर्यतीचं कबुतर होतं, समुद्रावरच्या शर्यतीत भरकटलेलं. २०२४च्या जानेवारीअखेर त्याला सोडून दिलं.

"कागद नव्हता म्हणूनच आठ महिने गेले," पुतणी म्हणाली.

"कागद नव्हता म्हनून नाई. कोनी उघडून पाह्यलं नाई म्हनून. पाखरू निर्दोष, अन् फाइल पडून. तुह्या टिकलीचं असंच झालं तं?"

या फेरीचे गुण मी आबांना दिले. नियम चांगला असणं आणि त्याची फाइल वेळेत हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सातबाऱ्यावर एकदा नाव चढवून पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण रोगाच्या प्रश्नावर आबा हरले, आणि हरले ते स्वतःच्या धंद्यामुळं.

पुतणी म्हणाली, "आबा, कोंबड्यांचा मानमोडीचा रोग तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर त्याला रानीखेत म्हणतात. आपल्याकडं तो पहिल्यांदा कुमाऊंच्या राणीखेतला सापडला म्हणून हे नाव. इंग्रज त्याला न्यूकॅसल म्हणतात, त्यांच्या गावावरून. १९७१मध्ये कॅलिफोर्नियात हा रोग पसरला. कुठून आला, तर बाहेरून आणलेल्या शौकाच्या पोपटांतून. सव्वा कोटीच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या. त्यानंतर अमेरिकेनं बाहेरचा प्रत्येक पक्षी कोंडून तपासायचा नियम केला."

"सव्वा कोटी?"

"त्याच्याही आधी, १९२९-३०ला, दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी आलेल्या पोपटांमुळं माणसांनाच ताप आला. पोपटताप. फुप्फुसाला धरतो. बऱ्याच देशांत माणसं दगावली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पोपट आणण्यावरच बंदी घातली होती तेव्हा."

मी मध्ये पडून जवळचं उदाहरण दिलं. फेब्रुवारी २००६मध्ये आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. ज्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तेच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ते लांबचं म्हणावं तर नागपूरचं घ्या: २०२४च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला, एच५एन१. पक्ष्याचा रोग वाघाच्या पोटात.

आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "जंभेरीवर बांधलेलं कलम मी दुसऱ्याच्या रोपवाटिकेतून डोये झाकून आनत नाई. मुळ्या पाहतो, पान उलटं करून पाहतो. कोयशी दिसली तं गाडी परत. हे तसंच झालं म्हनायचं."

"तसंच."

"पन एक सांग. आपला संत्रा बांगलादेशात जायचा. सगळे दाखले घेऊन जायचा, रोग नाई म्हनून. मंग त्याहिनं ते शुल्क किलोले ८८ रुपयांवर नेऊन ठेवलं, तो कोनता रोग व्हता?"

२०२३ची ती गोष्ट वरूडच्या मंडीत अजून कुणी विसरलेलं नाही. पुतणी हसली. "तो रोग नव्हता आबा. तिथं मी तुमच्या बाजूला."

कागदांची खरी यादी तिनं तिसऱ्या दिवशी सांगितली, आणि ती ऐकताना आबांनी कुत्सितपणा सोडून दिला होता. जाणाऱ्यानं आधी पोचायच्या देशाचं दार बघायचं, आपल्या देशाचं नंतर. अमेरिकेच्या कृषी खात्याकडून आयात परवाना घ्यायचा. उतरायचं तेही कुठंही नाही. ज्या शहरात त्या खात्याचं पक्ष्यांना कोंडायचं केंद्र आहे तिथंच, न्यू यॉर्क किंवा मायामी. तिथं ३० दिवस टिकली एकटी राहणार, तपासण्या होणार, खर्च मालकाचा. जागा आधी नोंदवायची. जागा नसेल तर तिकीट काढून उपयोग नाही. त्यांच्या वन्यजीव खात्याकडं उतरल्याबरोबर वेगळं जाहीरपत्र भरायचं. आणि इकडून सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, निघण्याच्या आधीच्या ३० दिवसांतला.

"दाखला आपल्या इथला डॉक्टर देईन का? तालुक्याचा?"

"तपासेल. पण सीमेवर चालणारा दाखला केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेचा लागतो. त्यांची केंद्रं देशात सहाच शहरांत आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद. नागपूरला नाही. वरूडहून निघालं तरी यांतल्याच एखाद्या शहरावरून जावं लागणार. आणि टिकली सायटीसच्या यादीत नाही, हे वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला दाखवून त्यांची हरकत नाही असंही लिहून घ्यायचं, कारण विमानतळावरच्या कस्टमवाल्याला कॉकॅटील आणि काकाकुवा यांतला फरक कळेलच असं नाही."

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी, हे तिनं ओघात सांगितलं. युरोपात एका मालकाबरोबर पाचपर्यंत पाळीव पक्षी जाऊ शकतात, कोंडण्याच्या किंवा चाचण्यांच्या अटी पाळल्या तर. ऑस्ट्रेलियाचं दार पाळीव पक्ष्याला जवळपास बंदच. न्यूझीलंडहून येणाऱ्या पक्ष्यापुरतीच तिथं फट ठेवली आहे. म्हणजे टिकलीच्या पूर्वजांचा देश, आणि नेमकं तिथंच तिला जाता येणार नाही.

आणि परत यायचं झालं तर? हे आबांनी विचारलं. मला सुचलं नव्हतं. कुत्रा-मांजर सामानाबरोबर आणण्याची सोय आपल्या नियमांत आहे, परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला. पक्ष्याचं तसं नाही. त्याला आयातीची परवानगी नव्यानं, वेगळी, आणि तेव्हा तिकडं बर्ड फ्लू असेल तर दार लागलेलं. तीन-चार वर्षांचं काम म्हणून जाणाऱ्या माणसानं हा हिशेब जाण्याआधीच मांडायला हवा. पुतणीनं तो मांडला नव्हता. ती थोडा वेळ टिकलीच्या पिंजऱ्याची चादर सारखी करत बसली.

मग आबांनी त्यांचं सगळ्यात जड वजन पारड्यात टाकलं.

"करोनात पुन्याहून आलेल्या पोट्ट्याले शायेत ठेवलं व्हतं आठवते? चौदा दिवस. भाकर बाहेरून द्यायची. तो मानूस व्हता, त्याले मालूम व्हतं चौदा दिवसांनी सुटन. हिले कोन सांगन तीस दिवस हायेत म्हनून? हे पाखरू दिवसभर तुह्या खांद्यावर. तू नाई दिसली तं पिसं उपटन, दाना सोडन. कायदा पाळला, सगळं पाळलं, अन् पाखरू मेलं. मंग? तुह्यापाशी कागद राहीन."

"मग काय, इथं ठेवू? मिठूशेजारी?"

"ठेव. मी हाये."

"तुम्ही ऐंशीचे आहात आबा. कॉकॅटील वीस वर्षं जगते." हे तिनं बोलायला नको होतं, असं मला वाटलं. आबांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, "हिशोब बराबर हाये तुहा," आणि उठून गाईला पाणी पाजायला गेले.

आता माझं मत. हा वाद पक्ष्याला न्यावं की ठेवावं याचा आहे असं दोघंही धरून चालले होते, आणि तिथं दोघांचंही अर्धं चुकत होतं. पुतणीला वाटत होतं, कागद पुरे झाले की जबाबदारी पुरी झाली. नाही. जाणकार पशुवैद्यक सांगतो की पक्ष्याला महिनाभर आधीपासून एकटं राहायची, खोक्यात बसायची, अनोळखी हातून खायची सवय लावावी लागते. ती लावली नाही तर आबा म्हणतात तेच होतं. आणि आबांना वाटत होतं, प्रेम असलं की कागद लागत नाही. त्यांच्याच ओसरीवर अकरा वर्षं त्याचा उलटा पुरावा टांगला होता.

खरं तर सीमेची अडचण विमानतळावर सुरूच होत नाही. ती पक्षी घरात आला त्या दिवशी सुरू होते. पुतणीच्या ओळखीत पुण्यात एक कुटुंब आहे. त्यांच्याकडं आफ्रिकन ग्रे, बोलणारा, फार हुशार. घेताना पावती घेतली नाही, विकणारा म्हणाला लागत नाही. २ जानेवारी २०१७पासून हा पोपट सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जून २०२०मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं होतं, घरात विदेशी प्राणी असेल तर सहा महिन्यांत आपणहून कळवा, मूळ कागद विचारणार नाही. त्यांनी कळवलं नाही. २०२४च्या फेब्रुवारीअखेर नियमच झाले, परिवेश संकेतस्थळावर नोंद करा, पुन्हा सहा महिने. तेही गेले. आता ते कॅनडाला निघालेत आणि पोपटाला कुठलाच देश कागद देणार नाही, कारण तो कुठून आला याला उत्तर नाही. त्यांना एकजण म्हणाला, औषध देऊन झोपवू, बॅगेत घालू. अशा बॅगा विमानतळांवर उघडतात तेव्हा आत काय असतं, ते बातम्यांत येतं. ते त्या वाटेला गेले नाहीत एवढं बरं. पोपट आता पुण्यात एका नातेवाइकाकडं आहे.

पावती. पैदास करणाऱ्याचं नाव, पायातल्या कडीचा नंबर, तारीख. टिकली घेतली तेव्हा पुतणीनं हे सगळं जपून ठेवलं होतं, कारण तिला प्रत्येक गोष्टीची पावती जपायची खोड आहे. पुढं अमेरिका लागेल हे तेव्हा स्वप्नातही नव्हतं. आज तिची सगळी फाइल त्या एका चिठोऱ्यावर उभी आहे. बाजारात पक्षी बघायला जाणाऱ्या कुणालाही मी एवढंच सांगेन की पावती न देणाऱ्याकडून मुंगीसुद्धा घेऊ नका.

टिकलीचा अर्ज गेलाय. न्यू यॉर्कच्या केंद्रात तारीख मिळाल्यावरच ते तिकिटं काढणार आहेत. जावई आधी जाईल, पुतणी टिकलीबरोबर मागून. पुण्यात टिकली रोज अर्धा तास शेजारणीच्या घरी ठेवली जाते, सवय व्हावी म्हणून. पहिले चार दिवस तिनं दाण्याला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी खाल्लं.

आणि मिठूबद्दल मी आबांच्या विरोधात गेलो. अकरा वर्षं पिंजऱ्यात असलेला पक्षी अंगणात उडवून दिला तर कावळे-शिकरा त्याला संध्याकाळपर्यंत ठेवणार नाहीत, हे आबांचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणून 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं उपचार आणि पुनर्वसनाचं ट्रान्झिट केंद्र आहे. तिथं विचारून झालंय. आधी तपासतील, पंखांत बळ आहे का बघतील, मग ठरवतील. पंख नाही उघडले तर तो तिथंच राहील. येत्या मंगळवारी पहाटे निघायचं ठरलंय. आबांनी होकार दिला, पण पिंजऱ्यावर चादर घालायची नाही, अशी अट घातली. त्याला रस्ता दिसला पाहिजे म्हणाले.